तिसरीच्या वर्गातलं पायाचं माप

त्यांनी उजव्या पायातली चप्पल काढली आणि तो पाय माझ्यासमोर फरशीवर ठेवला.

"घ्या बाई, माझंही माप घ्या. तुमचा हात बसलेला दिसतो."

मुख्याध्यापिकेचं ऑफिस होतं. पंखा चालू होता. टेबलावर चहा होता, बशीत बिस्किटं होती, तीही त्यांच्यापुरती. हे माझ्या वर्गातल्या अथर्वचे आजोबा. रिटायर वकील. हुबळीत देशपांडे नगरात जुनं घर, शाळेच्या कमिटीत त्यांचा शब्द खाली पडत नाही. पाय गोरा, नखं नीट कापलेली. पाय पुढं टाकून ते खुर्चीत मागं रेलून बसले, घरच्या ओसरीवर बसावं तसे. मोठ्या मॅडम हसल्या. मुख्याध्यापिकेला आम्ही सगळ्या मोठ्या मॅडमच म्हणतो. हसल्या म्हणजे ओठ दाबून, खाली बघून. वडीलधारा माणूस गंमत करतोय, एवढं काय मनावर घ्यायचं, असं ते हसणं होतं.

आणि माझा गुडघा वाकला.

हे दुसऱ्या कुणी माझ्याबद्दल सांगितलं असतं तर मी भांडायला उठले असते. डी.एड. झालेली बाई मी. इस्त्रीची साडी, गळ्यात शाळेचं ओळखपत्र. पण समोर पाय आला आणि गुडघा मला न विचारताच वाकला. जरासाच. निऱ्या हलल्या, तेवढाच. मग माझं मला कळलं, मी टेबलाची कड धरली आणि सरळ झाले.

त्यांनी ते बघितलं. बघितलं हे मला त्यांच्या डोळ्यात दिसलं. चप्पल परत घालत म्हणाले, "राग मानू नका हं. पायीची वहाण पायीच बरी, असं आमच्याकडं जुनी माणसं म्हणायची. मी आपलं सहज म्हटलं."

जातीचं नाव घेतलं नाही. एकदाही नाही. वकील माणूस, शब्द कुठं थांबवायचा ते नीट ठाऊक.

आता तिसरीच्या वर्गात त्या दिवसांत काय शिकवणं चाललं होतं ते सांगते. नाहीतर तुम्हाला वाटेल, मी कुणाच्या घरावर दरोडा घातला होता.

मापन चाललं होतं. दुसरं काही नाही. वीत, हात, पाऊल. बाक किती विती लांब, फळा किती हात रुंद, दारापासून खिडकीपर्यंत किती पावलं. पोरांना असला आनंद! टाचेला अंगठा लावून, हात पसरून, तोल सावरत वर्गभर चालत होती. आणि मग भांडणं. एकाची पावलं कमी भरली, दुसऱ्याची जास्त. इंग्रजी शाळा आमची, पण भांडण आलं की पोरं कन्नडवर येतात, घरात मराठी असलेली दोनचार मराठीवर. "टीचर, हा चीटिंग करतोय." मी म्हटलं, चीटिंग नाही रे बाबांनो, त्याचा पाय मोठा आहे. मग काय करायचं? कुणाचा पाय खरा धरायचा? पोरं विचारात पडली. एकजण म्हणाला, टीचरचा. दुसरी म्हणाली, मग टीचर घरी गेल्यावर काय करायचं? तेव्हा मी पट्टी काढली. म्हटलं, म्हणून माणसांनी ही केली. राजाला वेगळी नाही, गड्याला वेगळी नाही. सगळ्यांना एकच. मला स्वतःलाच तो तास फार आवडला होता.

दुसऱ्या दिवशी पाय कागदावर उतरवून घ्यायचे होते. आधी पाय उतरवायचा, मग पट्टीनं मोजायचा. दोघादोघांच्या जोड्या केल्या, बाकावर शेजारी बसतात त्याच. नियम एकच. ज्यानं पाय दिला त्यानं नंतर जोडीदाराचा पाय घ्यायचा. पाळी बदलायची. कसं करायचं ते मी खाली बसून दाखवलं. टाच डाव्या तळहातात घ्यायची, म्हणजे पाय डगमगत नाही. पेन्सिल उभी धरायची, आडवी पडली की माप फुगतं. टाचेपासून सुरू करायचं आणि न थांबता बोटांवरून फिरून परत टाचेला यायचं. पोरांना गुदगुल्या होत होत्या. वर्ग हसून हसून लोळत होता. अथर्वची जोडी रेणुकाशी होती. रेणुका म्हणजे आमच्या शाळेतल्या आयाची, शांतव्वाची मुलगी. कमिटीनं तिची फी माफ केलेली आहे आणि ते वर्षातनं निदान एकदा तरी भाषणात सांगितलं जातं. अथर्वनं तिची टाच धरली, जीभ बाहेर काढून मन लावून रेघ ओढली. मग तिनं त्याचं घेतलं. तिचा पाय याच्याहून लांब भरला म्हणून हा फुरंगटून बसला. एवढंच झालं.

दर शुक्रवारी पालकांच्या ग्रुपवर 'या आठवड्यात आम्ही काय शिकलो' असा मेसेज टाकायची आमच्याकडं पद्धत आहे. मी व्हिडिओ टाकला. शेजारच्या वर्गातल्या टीचरनं काढला होता. पुढं मी खाली बसून टाच धरून दाखवतेय. मागं अथर्व रेणुकाचा पाय धरून बसलाय. मला वाटलं, पालक खूश होतील. झालेही दोनचार, अंगठे आले.

सोमवारी बोलावणं आलं. मोठ्या मॅडमच्या ऑफिसात आजोबा आधीच येऊन बसले होते. पहिली तक्रार स्वच्छतेची. पोरांनी एकमेकांच्या पायाला हात लावायचे, तेच हात डब्याला लावायचे, हे कसलं शिक्षण? मी म्हटलं, सगळ्यांनी हात धुतले होते. ते म्हणाले, प्रश्न सगळ्यांचा नाही, आमच्या मुलाला आयाच्या मुलीचे पाय धरायला बसवलंत. असं सरळच म्हणाले. मग थोडं थांबून मवाळ आवाजात म्हणाले, "आमचं शेत आहे कलघटगीच्या पुढं. जाता-येता तिथल्या बाजारात चपला करायला टाकायचो. तिथली माणसं टाच अशीच धरायची. तुम्ही कुठं शिकलात हो हे?"

माझं आडनाव असं आहे की कुणालाही काही कळत नाही. आमच्यातही असतं, त्यांच्यातही असतं. मी लपवलं नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं, इतकंच. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी आपापल्या सोयीचं काहीतरी धरून ठेवलं होतं. पण हात बोलला. अप्पा, माझा बाप, टाच धरायचा तशीच मी धरली होती, मला दुसरी कुठली पद्धत ठाऊकच नव्हती.

म्हटलं, "माझे अप्पा त्याच बाजारात बसायचे."

"असं होय," आजोबा म्हणाले. आणि मग त्यांनी चप्पल काढली.

अप्पा कलघटगीच्या बाजारात बसायचा. रापी, आरी, कातड्याचे तुकडे आणि रद्दीचे कागद. गिऱ्हाईक उभं राहायचं, कागदावर पाय ठेवायचं आणि अप्पा वाकायचा. गिऱ्हाईक वर कुणाशी तरी बोलत असायचं, विडी ओढत असायचं, राख कधी अप्पाच्या पाठीवर पडायची. मला लहानपणी वाटायचं, अप्पाची उंचीच तेवढी आहे. एकदा मी विचारलं होतं, अप्पा, तुझ्या पायाचं माप कोण घेतं? तो हसला. म्हणाला, "माझ्या पायाला माप कशाला पोरी? उरल्यासुरल्याचं होतंय की माझं."

मला तेव्हा हसू आलं होतं. आता आठवलं की अंगाची लाही होते.

आणि ऐका, मापन मी स्वतः तिसरीत असताना शिकलेच नाही. कलघटगीच्या शाळेत गुरुजींच्या चपलेचा अंगठा तुटला. गुरुजी फळ्यावर पट्टी काढत होते. त्यांनी खडू ठेवला, छडीनं चप्पल पुढं ढकलली आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "ऊठ. बापाकडनं शिवून आण." सगळा वर्ग बघत होता. चप्पल काखेत धरावी तर पोलक्याला घाण, हातात धरावी तर लोक बघणार. मी हातात धरून भर बाजारातून गेले. अप्पानं चप्पल बघितली, मला बघितलं. शाळा सुटली का म्हणून विचारलं. मी नाही म्हटलं. मग त्यानं चप्पल माझ्या हातातून घेतली. मान खाली घालून टाके घातले आणि म्हणाला, पळ, धडा बुडंल. धडा बुडालाच होता. परत आले तर फळा पुसलेला. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी पट्टीवरचं विचारलं, मला आलं नाही, छडी बसली. ज्याच्या चपलेसाठी गेले त्यानंच मारलं.

त्यानंतर कुणाचीही चप्पल तुटली की मीच. बाईंची, शिपायाची, एकदा तर तपासणीला आलेल्या साहेबाची. कसा कोण जाणे, दरवेळी नेमका गणिताचाच तास असायचा. पट्टी, मीटर, सेंटिमीटर हे सगळं मी नंतर दिव्याशी बसून, दुसऱ्यांच्या वह्या मागून मागून शिकले. म्हणून तर तिसरीला मापन शिकवायचं आलं की माझ्या अंगात वेगळाच जोर चढतो. माझ्या वर्गात एकाही पोराचा तो तास बुडू द्यायचा नाही, हे मी नोकरीला लागले तेव्हाच ठरवलं होतं.

आजोबा गेल्यावर मोठ्या मॅडमनी मला बसायला सांगितलं. आवाज अगदी मायेचा. म्हणाल्या, हे बघा, आपण मार्ग काढू. शनिवारी पालकांसाठी प्रदर्शन आहेच, प्रत्येक वर्ग काय शिकला ते दाखवायचं आहे. मापनाचं टेबल ठेवा. पण मुलांनी एकमेकांच्या पायाला हात लावायचा नाही. तुम्हीच बसा आणि येईल त्या मुलाचं, पालकाचं माप कागदावर उतरवून द्या, घरी आठवण म्हणून नेतील. तुम्ही करताही किती सुंदर. आणि ग्रुपवर दोन ओळी टाका, की झालं त्याबद्दल दिलगीर आहे. पुढच्या महिन्यात तुमची कायमची ऑर्डर कमिटीपुढं येतेय, उगाच कशाला गालबोट.

म्हणजे मार्ग काय निघाला? धडा तोच. माप तेच. फक्त वाकायचं मी. आणि पोरांनी रांगेत उभं राहून बघायचं, वाकतं कोण ते.

मी "बघते," म्हटलं आणि बाहेर आले. ऑर्डरसाठी मी चार वर्षं खस्ता खाल्ल्या होत्या. गोकुळ रोडला एका वर्कशॉपमध्ये नवरा लेथवर आहे, त्याच्या कामाचा भरवसा नाही. घरी जाऊन त्याला सांगितलं. त्यानं हातावरचं ग्रीस पुसलं. मग म्हणाला, "तू ठरव. मी सोड पण म्हणणार नाही, धर पण म्हणणार नाही." राग आला त्याचा. मग वाटलं, बरोबर आहे, गुडघा माझा आहे.

स्टाफरूममध्ये बातमी माझ्याआधी पोचली होती. कुणी वाईट बोललं नाही हो. उलट फारच प्रेमानं वागायला लागल्या सगळ्या. एकीनं विचारलं, चांगलं कातडं कसं ओळखायचं गं? दुसरीला घरच्या कार्यासाठी चपला करून घ्यायच्या होत्या, ओळखीचं कुणी आहे का? इतकी वर्षं या बायकांच्या पायाला कधी चप्पल चावली नव्हती, एकाच आठवड्यात सगळ्यांना चावायला लागली. माझ्या जवळची म्हणावी अशी एकच, ती डबा खाताना म्हणाली, "तूपण ना. हात दाखवून अवलक्षण केलंस." मी म्हटलं, हाताला काय झालंय माझ्या? ती दुसरंच बोलायला लागली.

आणि बुधवारी रेणुका वर्गात ओल्या पायांनी आली.

फरशीवर पावलं उमटली, पोरं हसली. मला वाटलं नळाशी खेळली असेल. गुरुवारी पुन्हा तेच. मधल्या सुट्टीनंतर पुन्हा. शेवटी तिला जवळ बोलावलं, विचारलं, काय गं, सारखे पाय का भिजवतेस? ती कन्नडमध्ये म्हणाली, "टीचर, मी धुऊनच आलेय. साबणानं धुतले." आणि पाय उचलून तळवा मला दाखवला. घासून घासून लाल झालेला.

तिला कुणी काय सांगितलं होतं, ते विचारायची गरज नव्हती. अथर्व आता दुसऱ्या बाकावर बसत होता. त्याला विचारलं तर बिचारा खरं तेच बोलला, त्याला कुठं ठाऊक वकिली करायची. म्हणाला, "आजोबा म्हणाले, ते आपलं काम नाही. ते टीचर करतात."

आठ वर्षांचं पोर. आदल्या आठवड्यात जीभ बाहेर काढून मन लावून रेघ ओढत होतं. माझ्या वर्गात शिकलेलं घरात पुसलं आणि त्याच जागी दुसरं लिहिलं. आणि तेही दिलगिरी घालून मी माझ्याच हातानं गिरवायचं होतं. त्या क्षणी माझ्या डोक्यातनं ऑर्डर गेली. भीती गेली असं म्हणत नाही. पण ठरलं.

मी त्याच तासाला जमिनीवर बसले. कागद मांडला, माझा पाय त्यावर ठेवला आणि म्हटलं, आज टीचरच्या पायाचं माप, कोण घेतं? वर्ग तुटून पडला. मी आधी, मी आधी. रांग लावायला लागली. प्रत्येकानं माझं घेतलं आणि मी प्रत्येकाचं घेतलं, नियमानं. रेणुकाची पाळी आली तेव्हा तिनं माझं घेतलं, पण स्वतःचा पाय मागं ओढला. ओले आहेत म्हणाली. म्हटलं, असू देत. कागद भिजला, रेघ पसरली, तरी मी ती पूर्ण केली. अथर्व जागेवरच बसून होता. हात खिशात घालून, रांगेकडं बघत. मी त्याला बोलावलं. त्यानं नाही म्हणून मान हलवली. मी पुन्हा बोलावलं नाही. सक्तीनं कुणाला वाकवायचं हे काम माझं नाही.

शाळा सुटल्यावर शांतव्वा झाडू हातात घेऊन दारात उभी. तिला सगळं कळलं होतं. म्हणाली, "ब्याड अक्कोरे." नको बाई, म्हणाली. हात जोडून म्हणाली, शनिवारी माझ्या पोरीला पुढं करू नका. तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला दुसरी शाळा मिळेल. मला हीच फरशी आहे, पोरीची फी इथंच माफ आहे.

मला तिचा राग आला. खरंच सांगते, भयंकर राग आला. म्हटलं, तिच्यासाठीच तर चाललंय सगळं. ती म्हणाली, "तिच्यासाठी नको. तुमच्यासाठी करा, करायचं तर."

घरी जाईपर्यंत मी बसमध्ये तेच घोकत होते. बाई बरोबर बोलली होती. माझ्या भांडणाला मी आठ वर्षांच्या पोरीचे पाय पुढं करणार होते. आजोबांनी पाय पुढं केला तो माझ्यासमोर. अपमान माझा. मग उत्तरही माझ्याच नावानं जायला हवं होतं.

शनिवारी प्रदर्शन. हॉलमध्ये टेबलं मांडलेली. चौथीचं पाण्याचं चक्र, दुसरीची पानं-फुलं, पहिलीचे रंगीत आकडे. मोठ्या मॅडमनी माझ्या टेबलापुढं गादीची खुर्ची ठेवायला लावली होती आणि खुर्चीपुढं जमिनीवर एक चटई. चटई माझ्यासाठी. मी चटई गुंडाळली आणि तिथं तसलीच दुसरी खुर्ची आणून ठेवली. रेणुकाला मी भिंतीजवळ तक्त्यांपाशी इतर मुलींबरोबर उभं केलं होतं, पट्टी कशी वाचायची ते सांगायला. पालक यायला लागले. मोठ्या मॅडमनी माईकवरून गोड आवाजात सांगितलं, तिसरीच्या टेबलापाशी आमच्या टीचर तुमच्या पायाचं माप काढून देतील, अवश्य लाभ घ्या. आजोबा सुनेला, नातवाला घेऊन आले. चारपाच घरं त्यांच्या मागोमाग. ते खुर्चीत बसले आणि पाय पुढं केला. या वेळी चप्पल काढायच्या आधीच हसत होते.

मी उभीच राहिले. माईक नव्हता माझ्याकडं, पण आवाज आहे. पन्नास पोरांच्या वर्गात कमावलेला.

"मी कलघटगीच्या चांभाराची मुलगी," मी म्हटलं. "माप घ्यायला मला येतं. माझ्या वर्गाचा नियम असा आहे, की जो माप देतो त्यानं माप घ्यायचं. तुम्ही आधी माझं घ्या. मग मी तुमचं घेते."

आणि मी दुसऱ्या खुर्चीत बसले. कागद मधे ठेवला. पेन्सिल त्यांच्या बाजूला ठेवली.

हॉल शांत झाला वगैरे काही नाही. पलीकडं पाण्याचं चक्र घरघरत होतं, कुणाचं तरी लहान पोर रडत होतं. पण या टेबलाभोवतीची माणसं पेन्सिलीकडं बघायला लागली. आजोबांच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्याच्या आतलं निघून गेलं. म्हणाले, "बाई, तुम्ही नको तो विषय आणताय. जात कुणी काढली? मी काढली?"

"तुम्ही पाय काढला," मी म्हटलं. "जात मी सांगतेय. मला लाज नाही तिची."

त्यांनी पाय चपलेत सरकवला, उठले. सुनेनं अथर्वचा दंड धरला. जाता जाता मोठ्या मॅडमना काहीतरी म्हणाले, ते मला ऐकू आलं नाही. मागची घरंही पांगली. मग एकेक येत होते, तक्ते बघत होते, दोन खुर्च्या बघत होते आणि पुढच्या टेबलाकडं सरकत होते. काहीजण माझ्याकडं बघून हसले, मनापासून हसले असतील. बसलं मात्र कुणी नाही. डॉक्टर नाही, इंजिनियर नाही, सभांमधून समतेवर बोलणारे एक प्राध्यापक आले होते तेही नाही. स्टाफमधल्या बायका तर या बाजूला फिरकल्याच नाहीत. मी दुपारपर्यंत तिथं बसून होते. समोरची खुर्ची रिकामी. मला रडू आलं नाही. मला सगळं स्वच्छ दिसत होतं, एवढंच. इतकी वर्षं मला वाटायचं, आपण शिकलो, नीट बोललो, नीट राहिलो की हे लोक आपल्या बरोबरीनं बसतील. बसत नाहीत. त्यांना आपण वाकलेलेच बरे दिसतो.

संध्याकाळी मोठ्या मॅडमनी ग्रुपवर दिलगिरी टाकलीत का म्हणून विचारलं. मी म्हटलं, दिलगिरी नाही, कालचा राहिलेला आठवड्याचा मेसेज टाकते. आणि टाकला. 'या आठवड्यात तिसरी काय शिकली' असं लिहून खाली लिहिलं, की प्रत्येकाचा पाय वेगळा असतो, पट्टी सगळ्यांना एक असते, आणि माप देणारा माप घेतोही. ज्या पालकांना यातलं काही मान्य नसेल, त्यांनी का मान्य नाही ते आपल्या मुलाला स्पष्ट शब्दांत सांगावं. माझ्या नावावर ढकलू नये. खाली पूर्ण नाव लिहिलं, अप्पाचं नाव घालून. थोड्या वेळानं मला ग्रुपमधून काढून टाकलं.

ऑर्डर आली नाही. कमिटीनं कारण दिलं नाही, मी मागितलं. लेखी मागितलं. अजून मागतेय आणि तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत जाऊन मागणार आहे. वर्ष संपेपर्यंत मला ठेवावं लागलं, मधेच माणूस कुठून आणणार? त्या उरलेल्या दिवसांत मी तिसरी शिकवली. अथर्व दुसऱ्या बाकावरच राहिला. शांतव्वा माझ्याशी चारचौघांत बोलत नव्हती, मीही बोलत नव्हते, तिचं काम तिला टिकवायचं होतं. रेणुका पाय भिजवायची थांबली की नाही, मला छातीठोक सांगता येणार नाही. काही दिवस पावलं दिसायची, काही दिवस नाही.

आता गोकुळ रोडला एका शाळेत मुलाखत देऊन आले. कामगारांची पोरं जास्त आहेत तिथं. पण कमिटी तिथंही आहे. कुठल्या गावच्या, वडील काय करायचे, असं विचारलंच. मी सांगितलं. समोरच्या बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि नंतर कळवतो म्हणाल्या. कळवतील, नाही कळवतील. नाही कळवलं तर धारवाडला जाईन, कलघटगीला जाईन, सरकारी शाळेची परीक्षा पुन्हा देईन.

तिसरीला मापन दरवर्षी असतं. कुठल्याही शाळेत, कुठल्याही भाषेत असतं. मी ते दरवर्षी शिकवणार आहे. दोघादोघांच्या जोड्या लावून, पाळी बदलून. ज्याला नको असेल त्यानं माझ्यासमोर उभं राहून नको म्हणावं. मी उभीच असेन.